बाळ झाल्याची बातमी कुणाला, कधी आणि कशी कळवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रसूतीला दोनेक महिने आहेत. नवऱ्याचं म्हणणं, फोटोसकट एक मेसेज सगळ्यांना टाकला की विषय संपला. सासूबाईंना छापील कार्ड हवंय, तेही छानशा पाकिटातून. दोन्हीकडची मंडळी धरून यादी दोनशेच्या वर गेली आहे. विचारणारीला स्वतःला मात्र धास्ती आहे ती रुसव्यांची, म्हणजे 'तिला आधी कळलं आणि मला नंतर' या प्रकाराची. शिवाय कुणीतरी उत्साहाच्या भरात आईबापांच्या आधीच फोटो टाकून मोकळं होईल, ही भीती आहेच.

निमंत्रणं, पत्रिका, जन्माची कार्डं अशा घरगुती कामांचा मजकूर लिहिणं आणि मांडणी करणं हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय. त्यामुळे माझ्याकडून 'छापाच' असं उत्तर येणार, असं वाटेल. पण तुमची अडचण छपाईची नाहीच. कार्ड आलं नाही म्हणून कायमचं दुखावलेलं माणूस मी फारसं पाहिलेलं नाही. बातमी शेजाऱ्याकडून किंवा कुणाच्या तरी स्टेटसवरून कळली म्हणून वर्षानुवर्षं धुमसणारी माणसं मात्र पुष्कळ पाहिलीत. तेव्हा कुणाला, कुणाकडून आणि कोणत्या क्रमाने कळणार हे आधी ठरवा. मग फोन, मेसेज की कार्ड हे बरंचसं आपोआप ठरतं. आणि तुमचे यजमान नि सासूबाई वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलताहेत, त्यामुळे दोघांचंही बरोबर आहे, हेही लक्षात येईल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर सोडाव्या लागतील. दोन्ही घरांचं आपसात कसं आहे, बाळाचं नाव आधी ठरवलंय की नंतर ठेवणार, प्रसूती कशी होते, बाळ वेळेवर येतं की घाई करतं, हे मला इथून सांगता येणार नाही. पण यातलं काहीही झालं तरी ज्या तयारीला धक्का लागत नाही, ती आत्ता या दोन महिन्यांत करून ठेवता येते. बाळ झाल्यावर रिकाम्या जागा भरायच्या तेवढ्या उरल्या पाहिजेत.

आधी तारखेबद्दल. डॉक्टरांनी दिलेली तारीख सगळ्यांना सांगितली असेल, तर त्या दिवशी सकाळपासून 'झालं का?' सुरू होतं. प्रत्यक्षात त्याच तारखेला जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. म्हणून यापुढे कुणी विचारलं तर महिना सांगा, फार तर 'महिन्याच्या शेवटी शेवटी' म्हणा. दवाखान्यात दाखल झालात हेही ज्यांची प्रत्यक्ष मदत लागणार आहे त्यांनाच कळू दे. बातमी फुटते ती बहुतेक वेळा इथूनच. दाखल झाल्याचं वीस जणांना माहीत असलं, तर त्यातला एक तरी चार तासांनी कुणाला तरी विचारणारच.

आता क्रम. पहिल्या फळीत मोजकीच माणसं ठेवा: दोघांचे आईवडील, सख्खी भावंडं, आणि ज्याला न सांगता तुम्हाला चैन पडणार नाही असं एखादं माणूस. यांना मेसेज नको, आवाज ऐकू द्या. फोन बाळाच्या वडिलांनी करायचे, किंवा जे कुणी तुमच्यासोबत असेल त्यांनी. दोन्ही घरांना लागोपाठ, मध्ये चहापाण्याइतकंही अंतर न ठेवता. आधी कुणाचा नंबर लावायचा हे आजच ठरवून ठेवा, तिथल्या तिथे त्यावर खल नको. मात्र हा पहिला फोनसुद्धा लगेच करायची सक्ती नाही. जन्मानंतरच्या पहिल्या तासात बाळाला आईच्या अंगाशी ठेवावं आणि अंगावर पाजायला सुरुवात करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो तास तुमचा आहे. बातमी तासाभराने शिळी होत नाही.

दुसऱ्या फळीत काका-आत्या-मामा-मावश्या, वयस्कर मंडळी आणि जवळचे मित्र. हे फोन तुम्ही करू नका, करवून घ्या. आजी-आजोबा झालेल्या माणसांना ही बातमी स्वतः सांगायची असते. त्यांचा तो आनंद आहे आणि तुमची दमणूक वाचते. आत्ताच चौघांना चार छोट्या याद्या द्या: 'ही माणसं तुमच्याकडे.' सासूबाईंच्या बहिणींना सासूबाईच सांगतील, तुमच्या मामांना तुमची आई. ज्यांना कमी ऐकू येतं, जे मेसेज पाहत नाहीत, ते कुणाच्या यादीत आहेत हे मुद्दाम तपासा. अशी माणसं सगळ्यांनी एकमेकांवर सोडलेली असतात.

आणि यादी देतानाच अट सांगून टाका. प्रसूतीनंतर सांगितलेली अट ही मनाई वाटते, आधी सांगितलेली व्यवस्था वाटते. मी लोकांना साधारण असं बोलायला सुचवते: 'आई, आमचा फोन आला की तुम्ही तुमच्या यादीतल्यांना लगेच सांगा. फोटो मात्र आम्ही सगळ्यांना पाठवेपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या. आम्ही पाठवला की मग तुम्हीही खुशाल दाखवा.' यातलं शेवटचं वाक्य सोडू नका. 'टाकू नका' एवढंच ऐकलं की माणूस हिरमुसतं, 'कधी टाकायचं' हे कळलं की थांबतं. आणि ज्याला काही केल्या राहवणार नाही असं तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, त्याला पहिल्या फोनसोबत फोटो पाठवूच नका. नुसती बातमी द्या. समजावण्यापेक्षा हे सोपं.

उरलेले दीडशे जण तिसऱ्या फळीतले. इथे तुमच्या यजमानांचा मेसेज अगदी योग्य. फक्त त्यासाठी नवा ग्रुप उघडू नका. दीडशे अभिनंदनं, फुलांची चित्रं आणि 'कोणासारखं दिसतंय' यावरचे वाद त्या ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनवर वाजत राहतात. व्हॉट्सॲपवरची ब्रॉडकास्ट लिस्ट यापेक्षा बरी, कारण प्रत्येकाला तो वैयक्तिक मेसेज म्हणून जातो आणि उत्तरही फक्त तुम्हालाच येतं. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, म्हणजे तुमचं काम एकीतच होईल. पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला नाही, त्यांना तो मेसेज पोचत नाही. यादीत असे कोण निघतील याचा अंदाज घ्या आणि त्यांना वेगळा पाठवा. ईमेल करणार असाल तर सगळे पत्ते 'बीसीसी'मध्ये टाका, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत. नाहीतर दीडशे जणांचे पत्ते एकमेकांना वाटल्यासारखं होतं.

सोशल मीडियावरची पोस्ट सगळ्यात शेवटी, आणि निदान एक दिवस उलटल्यावर. तोवर ज्यांना आपलं म्हणून कळायला हवं त्यांना कळलेलं असतं, आणि ती पोस्ट बातमी न राहता नुसती आनंदाची गोष्ट उरते. थोडक्यात, आधी आवाज, मग आजी-आजोबांचे फोन, मग मेसेज, मग पोस्ट. कार्ड या रांगेत नाहीच. ते पुढे सवडीने येतं आणि त्याचं काम वेगळं आहे. त्याबद्दल खाली सांगते.

या क्रमात न बसणारी एक-दोन माणसं प्रत्येकाच्या यादीत असतात, आणि त्यांच्यासाठी मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगते. मूल व्हावं म्हणून बरीच वर्षं उपचार घेणारी मैत्रीण. अलीकडेच गर्भपात झालेली वहिनी. बाळ गमावलेलं एखादं जोडपं. त्यांना फोन करू नका. फोनवर ऐकल्या क्षणी आनंद दाखवावा लागतो, आणि तेवढी ताकद त्या क्षणी असेलच असं नाही. सामूहिक मेसेजातूनही कळू देऊ नका. सगळ्यांच्या आधी, फोटो न जोडता, दोन ओळींचा वेगळा मेसेज पाठवा: 'तुला इतरांकडून कळण्याआधी मीच सांगतेय. आमच्या बाळाचा जन्म झाला, आम्ही बरे आहोत. उत्तराची घाई नाही, तुला वाटेल तेव्हा बोलू.' त्यांना टाळणं मात्र वाईट. 'तिला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही' हे कळल्यावर जे वाटतं ते बातमीपेक्षा जास्त लागतं.

आता मजकूर. तो आजच लिहा आणि फोनमध्ये ठेवा, पण ठरावीक वेळी आपोआप जाईल अशी सोय कशावरही लावू नका. ही बातमी माणसाच्या हातूनच गेली पाहिजे. लिहिताना एक अडचण येते. मुलगी की मुलगा हे माहीत नसेल, तर क्रियापद अडतं. 'बाळाचा जन्म झाला' हे वाक्य दोन्हीकडे चालतं, म्हणून सुरुवात तिथून करा. नमुना म्हणून:

'आमच्या बाळाचा जन्म झाला. (मुलगी/मुलगा), (वार), (वेळ). दोघांची तब्येत चांगली आहे. थोडी विश्रांती झाली की आम्हीच फोन करू, तोवर फोन उचलला गेला नाही तर समजून घ्या. भेटायला कधी यायचं ते नंतर कळवतो. फोटो सध्या पुढे पाठवू नका, ही विनंती.'

बस्स, एवढाच. भेटीचं वाक्य कापायचा मोह होईल, कारण ते लिहिताना जड वाटतं. कापू नका. काही न लिहिणं याचा अर्थ बरीच माणसं 'या' असाच घेतात. 'येऊ नका' लिहिणं अवघड जातं म्हणूनच 'नंतर कळवतो' हे चांगलं. मात्र ते लिहिलंत तर खरंच कळवा. आणि कळवाल तेव्हा सर्दी-खोकला असणाऱ्यांनी बरं होऊन यावं, हेही सरळ सांगा. एवढ्या लहान बाळाच्या बाबतीत त्याचा कुणी राग मानत नाही. मानलाच तर मानू द्या.

'मी आलोऽ! माझे आईबाबा मला बघून वेडे झालेत!' अशी बाळाच्या तोंडची वाक्यं मला विचाराल तर टाळावीत. यमक जुळवलेल्या चारोळ्याही. ग्राहकाने आग्रह धरला तर मी करून देते, पण आठवडाभराने तोच मजकूर त्यांना स्वतःला वाचवत नाही. साधं वाक्य टिकतं.

काय लिहायचं नाही, यावर मी जास्त भर देते. बाळाचं पूर्ण नाव, पूर्ण जन्मतारीख, जन्माचं ठिकाण आणि आईचं माहेरचं नाव, या चार गोष्टी एकत्र आल्या की ते जवळजवळ ओळखपत्र होतं. कितीतरी ठिकाणी ओळख पटवण्यासाठी हेच प्रश्न विचारले जातात. घरच्यांना पाठवलेल्या मेसेजात यातलं दोन-तीन गोष्टींचं असणं समजू शकतं. सगळ्यांना दिसणाऱ्या पोस्टमध्ये मात्र 'या आठवड्यात आमच्या घरी मुलगी आली' एवढं पुरे. पोस्टला ठिकाणाचा टॅग नको, दवाखान्याचं नाव नको. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्क करारातल्या सोळाव्या कलमात मुलाच्या खासगीपणाचा हक्क मानलेला आहे. तो वापरायला बाळ अजून फार लहान आहे, म्हणून तूर्त तुम्हीच त्याच्या वतीने विचार करायचा.

वजनाचंही तसंच. ते लिहायची पद्धत जगभर आहे आणि त्यात गैर काही नाही. पण वजनाचा आकडा दिला की लोकांना मत द्यायला विषय मिळतो. 'बारीकच आहे हो', 'आमचं तर चार किलोचं होतं'. शिवाय जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत पुन्हा भरून येतं, हे सगळ्यांना ठाऊक नसतं. पंधरा दिवसांनी कुणीतरी तोच आकडा धरून 'अजून तेवढंच?' म्हणतं, आणि आधीच थकलेली आई रडकुंडीला येते. मी वजन गाळायला सांगते. हवं तर छापील कार्डावर द्या. तोवर बाळ अंगाने भरलेलं असतं आणि त्या आकड्याची नुसती आठवण झालेली असते.

फोटो. मेसेजसाठी पहिल्या दिवसाचा कुठलाही चालतो, डोळे सुजलेले असले तरी. फक्त पाठवण्याआधी तो मोठा करून कडेकडेने पाहा. बाळाच्या मनगटाला किंवा पायाला दवाखान्याचा पट्टा असतो, त्यावर आईचं नाव नि नोंदणी क्रमांक स्पष्ट वाचता येतो. मागे खाटेवर लावलेला कागद असतो. आणि तुम्ही स्वतः त्या फोटोत कशा आहात, हे तुमच्याखेरीज कुणी ठरवू नये. प्रसूतीनंतरच्या आईचा फोटो तिला न विचारता पाठवणारे नवरे मला अजूनही भेटतात. यजमानांना हे आत्ताच सांगून ठेवा.

छापील कार्डासाठी मात्र पहिल्या आठवड्यातला फोटो शक्यतो नको. बऱ्याच बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून थोडी कावीळ दिसते. वेळेवर जन्मलेल्या बाळात ती बहुधा दोनेक आठवड्यांत ओसरते. फोनवर त्वचेचा तो पिवळेपणा फारसा जाणवत नाही, कागदावर मात्र ढळढळीत दिसतो, आणि प्रेसवाला तो काढायला गेला की बाळ गुलाबी बाहुलीसारखं होतं. तीन-चार आठवड्यांनी, दिवसा, खिडकीशेजारी, घरातला दिवा बंद करून काढलेला फोटो घ्या. उजेड बाजूने येऊ द्या. पहिल्या दिवसांतलाच फोटो मनात भरला असेल, तर तो कृष्णधवल करून छापा. पिवळेपणाचा प्रश्नच मिटतो.

आता सासूबाईंचं कार्ड. ते बातमी कळवायला नसतं, बातमी तर कधीच कळलेली असते. ते ठेवून द्यायला असतं. फोन बदलला की मेसेज जातो, कार्ड कपाटात राहतं. म्हणूनच ते दोनशे जणांना पाठवायची गरज नाही. ज्यांच्या घरी ते जपून ठेवलं जाईल त्यांनाच पाठवा. सासूबाईंना बसवून विचारा, 'कुणाकुणाला?' पन्नास-साठ घरं निघतील. आणि घरंच मोजायची, माणसं नाही. एका पत्त्यावर एकच पाकीट. त्यावर दहा-पंधरा टक्के जास्त छापा. कुणी ना कुणी राहून गेलेलं असतंच, आणि दोन-तीन प्रती बाळासाठी बाजूला काढाव्यात.

कामाचा क्रम इथे उलटा आहे. कार्ड बाळावर अवलंबून आहे, पाकीट नाही. म्हणून आधी पाकिटं आणा आणि पत्ते आत्ताच लिहून टाका. प्रसूतीनंतर साठ पत्ते लिहायला बसणं जमत नाही. पाकीट ठरलं की कार्डाचा आकार ठरतो. सगळ्यात सोयीची जोडी म्हणजे ए-६ कार्ड, १०५ बाय १४८ मिलिमीटर, आणि सी-६ पाकीट, ११४ बाय १६२. बाजारात कुठेही मिळतं, कार्ड आत सैलही पडत नाही. चौरस कार्डं दिसायला देखणी असतात, पण काही देशांत टपालखात्याच्या यंत्रांना ती चालत नाहीत आणि जास्तीचं तिकीट लागतं. एक भरलेलं पाकीट टपालकचेरीत वजन करून घ्या, मगच तिकिटं आणा. हिशोब साधा आहे: ए-६ हा एका चौरस मीटरचा ६४वा भाग, तेव्हा ३०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारं कार्ड पावणेपाच ग्रॅमच्या आत बसतं. पाकीट धरून दहाच्या आसपास. अनेक देशांत साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो, म्हणजे जागा आहे. जाड रिबिनी, वेगळा छापलेला फोटो, आत घातलेली चमकी यांनी ती संपते. चमकी तर नकोच, ती उघडणाऱ्याच्या घरभर होते.

कागद निवडताना एवढंच बघा की मागची बाजू गुळगुळीत नको. चकचकीत आर्ट कार्डावर किंवा लॅमिनेशनवर पेनाची शाई धरत नाही, पुसून पसरते. आणि हाताने लिहिलेली एक ओळ, 'मावशी, तुमची आठवण काढली', ही त्या कार्डातली सगळ्यात जास्त वाचली जाणारी ओळ असते. समोर फोटो, मागे साधा मॅट पृष्ठभाग, हे जमतं.

फोटो प्रेसमध्ये देताना व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवू नका. तो दाबून लहान झालेला असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ईमेलने मूळ फाइल द्या. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) हिशोबाने ए-६ ला १२४० बाय १७४८ पिक्सेल लागतात. आजच्या फोनच्या मूळ फोटोत ते सहज असतात, कापाकापी फार केलीत तर उरत नाहीत. फोटो कडेपर्यंत जाणार असेल तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना निघून जाणारी जास्तीची कड) सोडा, आणि अक्षरं कडेपासून ५ मिलिमीटर आत ठेवा. फोनचा पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही. म्हणून छापताना फोटो जरा उजळ करून घ्या, मॅट कागदावर तर नक्कीच.

मराठी मजकूर असेल तर पीडीएफ प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायला येणारी प्रत, डोळ्यांत तेल घालून वाचा. तुम्ही युनिकोडमध्ये (फोनवर नेहमी टाइप करतो त्या पद्धतीत) लिहिलेलं प्रेसमध्ये जुन्या फॉन्टमध्ये बदललं जातं, आणि तिथे गडबड होते. ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते, रफार सरकतो, जोडाक्षर तुटून पाय मोडलेलं अक्षर दिसतं. नावात नेमकं हेच होतं, कारण नाव आपण वाचत नाही, ओळखतो. म्हणून ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही अशा माणसाला मोठ्याने वाचायला लावा. तारखेत महिना अक्षरात लिहा. ५/६ हे एका देशात पाच जून, दुसऱ्या देशात सहा मे. परदेशी नातेवाईक असतील तर बाळ जिथे जन्मलं तिथलीच तारीख नि वेळ द्या, आणि मध्यरात्रीच्या आसपासचा जन्म असेल तर जन्मनोंदीवर काय आहे ते पाहून मगच छापा. नावाचं इंग्रजी स्पेलिंग छापणार असाल तर तेही नोंदीशी जुळू द्या.

कार्डावर कुणाची नावं, यावरून अधूनमधून ठिणगी पडते. माझा सल्ला: फक्त आईबापांची, किंवा चारही आजी-आजोबांची. दोघांची घालून दोघांची गाळणं कधीही नको. मूल एकटीने वाढवणार असाल तर एकच नाव, आणि त्याचं स्पष्टीकरण देणारी ओळ लागत नाही. दत्तक बाळासाठी जन्मतारखेऐवजी ते घरी आलं तो दिवस लिहिता येतो. त्याआधीची त्याची हकिगत मात्र कार्डावर किंवा मेसेजात येऊ देऊ नका, ती सांगायची की नाही हे पुढे ते मूलच ठरवेल.

कधी पाठवायचं? सहा आठवडे ते तीन महिने, यात केव्हाही. त्याहून उशीर झाला तर ताजा फोटो लावा, कुणी तक्रार करत नाही. नाव ठरायचं असेल तर ठरेपर्यंत थांबा, रिकामी जागा सोडून छापू नका.

आता ज्याबद्दल कुणी आधीपासून बोलत नाही ते. बाळ वेळेआधी आलं, अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं, किंवा तुमचीच तब्येत नाजूक झाली, तर ठरवलेला मजकूर तसाच पाठवू नका. सवयीने 'सुखरूप' लिहून टाकलं की पुढचे पंधरा दिवस प्रत्येकाला वेगळं समजावत बसावं लागतं. 'बाळाचा जन्म झाला आहे. सध्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे. नवीन काही असेल तर (अमुक) कळवेल, कृपया आम्हाला फोन करू नका' एवढं फक्त पहिल्या दोन फळ्यांना. बाकीच्यांना नंतर. आणि तो 'अमुक' कोण, हे आजच ठरवा. भाऊ, नणंद, मैत्रीण, कुणीही शांत डोक्याचं. त्या माणसाकडे सगळ्या याद्या असू द्या. ईश्वर न करो, पण सांगण्यासारखी आनंदाची बातमी उरलीच नाही, तर याद्यांतल्या लोकांना थांबवणारं तेच एक माणूस असतं. हे काम कुणावर तरी सोपवलेलं असलं की ते तुमच्या अंगावर येत नाही. याच कारणासाठी कार्डं जन्माआधी छापायला देऊ नका, प्रेसवाल्याने कितीही घाई केली तरी.

सगळं नीट पार पडलं की उत्तरांचा पूर येतो. प्रत्येकाला लिहीत बसू नका, मेसेजात विश्रांतीचं वाक्य आहे तेवढ्यासाठीच. कार्यालयात एकाच सहकाऱ्याला कळवा. तिथे लोकांना बाळाइतकीच तुमची रजा कधीपासून कधीपर्यंत, हीही माहिती हवी असते, तेव्हा ती सोबत द्या.

आणि एवढं करूनही एखादं नाव सुटणारच. तेव्हा मेसेजवर लांबलचक माफी मागू नका, त्यात सारवासारव जास्त दिसते. सरळ फोन लावा, 'तुम्हाला सांगायचं राहिलं, आज सांगते' म्हणा, बाळाचा आवाज ऐकवा, आणि त्याच दिवशी जास्तीच्या कार्डांतलं एक हाताने दोन ओळी लिहून टपालात टाका.